भोंगा वाजवून घरचं काम होत नाही

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक चाळिशीचे आहेत. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. वडिलांपासूनचा घाऊक धंदा, पण गेल्या काही वर्षांत त्यांनी ऑनलाइन विक्रीही सुरू केली. ते काम बघायला दीड वर्षात घरून काम करणारी तीन माणसं ठेवली. पहिला परराज्यातला, एका वेबसाइटवरून मिळालेला. अर्धे पैसे आगाऊ घेऊन तो गायब झाला आणि जाताना इन्स्टाग्रामचा पासवर्डही घेऊन गेला. दुसरा पुण्यात बसून काम करायचा. तो त्याच वेळात आणखी एक नोकरी करत होता, हे कळल्यावर त्याला काढलं. तिसरी मुलगी शहरातल्याच जुळे सोलापूर भागातली, काम चांगलं करणारी. ‘पण दिवसभर लॅपटॉपसमोर आहे की नाही ते कळेना’ म्हणून दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर बसवलं, आणि तीन आठवड्यांत ती सोडून गेली. ‘सुताचे भाव वाढले होते, त्यामुळे तिचा पगार जरा मागेपुढे झाला, शेवटचे अकरा दिवस अजून द्यायचे आहेत,’ असंही पत्रात ओघात आलं आहे. ते विचारतात: घरून काम करणारी विश्वासू माणसं मिळतात तरी कुठे? सोलापुरातली हुशार पोरं तर पुण्याला गेली. की हा नाद सोडून साडूच्या मुलाला ऑफिसात आणून बसवू?

तुमच्या पत्रात ‘विश्वासू’ हा शब्द सात वेळा आलाय. मी मोजला. या माणसांनी करायचं काम काय, हे मात्र तुम्ही तीन शब्दांत उरकलंय: ‘ऑनलाइनचं सगळं बघायचं.’

कारखान्यासाठी माणूस हवा असता तर ‘कारखान्यातलं सगळं बघणारा पाहिजे’ अशी पाटी तुम्ही लावली असती का? तिथे मागावर कोण, कांड्या कोण भरणार, कडा कोण शिवणार, पॅकिंगला कोण, हे तुम्हाला झोपेतही सांगता येईल. कोणाकडून दिवसाला किती नग निघाले म्हणजे ठीक आणि किती म्हणजे कमी, हेही तोंडपाठ असेल. लॅपटॉपवरच्या कामाला तो हिशोब तुम्ही लावलाच नाही. मग मोजायला उरलं काय? माणूस खुर्चीत आहे की नाही, एवढंच.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. आमच्या शेजारच्या मावशी विड्या वळायच्या. सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान, तंबाखू, सूत घेऊन यायच्या. पत्र्याचा फर्मा ठेवून पानं कापायच्या, मांडीवर सूप घेऊन वळायला बसायच्या. मधेच भाकऱ्या, मधेच नातवाचा अभ्यास, मधेच पाणी आलं म्हणून धावाधाव. दुसऱ्या दिवशी माल ब्रँचला. तिथे मोजणी व्हायची, खराब विड्या बाजूला काढायचे, कार्डावर नोंद आणि हजारामागे मजुरी. ‘काल दुपारी दोन ते चार कुठे होतीस’ असं त्यांना कधी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, तेव्हा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हणूनच धरलं गेलं. घरून काम ही गोष्ट करोनाने आणली असं पुण्या-मुंबईत म्हणू देत. सोलापूरकराने म्हणू नये.

त्या पद्धतीचे गोडवे गाण्यासाठी मी हे सांगत नाहीये. पान कमी मिळायचं, ते भरून काढायला पदरचे पैसे घालून पान आणावं लागायचं. छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला टाकलेल्या विड्या, जरुरीपेक्षा जास्त काढली म्हणून ब्रँचमध्ये रोज भांडणं. मोजणारा एकटाच ठरवायला लागला की मोजमापाचा दांडका होतो, हेही मी तिथेच पाहिलं. पण काम घरी असेल तर मोजायचं ते काम, माणूस नव्हे, ही अक्कल या गावाला फार जुनी आहे.

याच गावाची दुसरी सवय गिरणीची. भोंगा झाला की आत, उशीर झाला की खाडा. गिरणीत ते ठीकच होतं. गिरणीतला माग घरी नेता येत नाही, आणि एक माणूस नसला की पुढचं खातं थांबतं. तुम्ही केलंत असं की काम विडीसारखं घरी दिलंत आणि वर गिरणीचा भोंगा वाजवत बसलात. स्क्रीनचा फोटो दहा मिनिटांनी म्हणजे तासाला सहा, आठ तासांचे अठ्ठेचाळीस. ते तुम्ही रोज रात्री बघत होता का? बघत असाल तर तुमच्या वेळेचं मला वाईट वाटतं. बघत नसाल तर ते होते कशासाठी? त्या मुलीच्या स्क्रीनवर कधी बँकेचं खातं उघडं असेल, कधी घरच्यांचा मेसेज. कामाला ठेवलेल्या मुलीच्या घरात आपण खिडकी पाडली, असं तुम्हाला त्या वेळी वाटलं नसेल. तिला वाटलं.

दुसऱ्या माणसाबद्दल माझं मत तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. पूर्ण दिवस फक्त तुमचं काम करायचं असं लिहून ठरलं होतं का? त्याला महिना किती देत होता, ते पत्रात नाही. पूर्ण वेळेचे पैसे घेऊन तो खोटं बोलला असेल तर काढलंत ते बरोबर. पण ग्राहकांना पाच-पाच तास उत्तर मिळत नव्हतं, असंही तुम्हीच लिहिलंय. काढायला तेवढंच कारण पुरेसं होतं, आणि ते पहिल्याच आठवड्यात दिसायला हवं होतं. तुम्हाला ते चार महिन्यांनी दिसलं, कारण तुम्ही उत्तरं बघतच नव्हता.

पहिल्याच्या बाबतीत विश्वासाचा प्रश्नच नाही, कुलपाचा आहे. अनोळखी माणसाला कोणी कारखान्याची मूळ किल्ली देतं का? इन्स्टाग्राम आणि फेसबुकचं धंद्याचं खातं मेटाच्या बिझनेस सेटिंगमधून दुसऱ्याला चालवायला देता येतं. त्याने स्वतःच्या लॉगिनने यायचं, नेमून दिलेलं काम करायचं, आणि नको झाला की एका बटणात बाहेर. मूळ पासवर्ड तुमच्याकडेच राहतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्येही डेटा एंट्रीपुरता वेगळा युजर करता येतो. विक्रीच्या प्रत्येक वेबसाइटवर दुसऱ्या माणसासाठी वेगळं लॉगिन देण्याची सोय आहे का, हे पहिल्या दिवशीच तपासा. ओटीपी येणारं सिम तुमच्या खिशातल्या फोनमध्ये, कोणाच्याही नाही. आणि आगाऊ पैसे द्यायचे तर थोड्या कामाचे थोडे. निम्मी उचल देऊन माणूस बांधला जात नाही, हे कारखानदाराला मी काय सांगावं?

आता तुमचा मूळ प्रश्न, माणसं कुठे मिळतात.

हुशार पोरं पुण्याला गेली, हे खोटं नाही. हुतात्मा एक्सप्रेसला सकाळी स्टेशनवर उभं राहिलं की दिसतं. पण मागे कोण राहिलं, याची यादी कधी केलीत? बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करून लग्नानंतर सोलापुरात आलेल्या सुना. बाळंतपणासाठी पुण्याची नोकरी सोडून परतलेल्या मुली. आईवडिलांच्या आजारपणामुळे इथेच थांबलेला मुलगा. यांना दिवसाचे आठ तास सलग देता येत नाहीत, पण चार-पाच तास चोख देता येतात, आणि तुमचं काम मला तरी तेवढंच दिसतंय. शिवाय यांतल्या कित्येकांच्या घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात. तुमचे बरेचसे ग्राहक हैदराबाद आणि बंगळुरूचे, असं तुम्हीच लिहिलंय. तिथल्या बाईने ‘रंग जातोय’ म्हणून चिडून फोन केला आणि इकडून तिच्याच भाषेत उत्तर मिळालं, तर टॉवेल परत येण्याऐवजी कदाचित तिच्याकडेच राहील. तुम्ही मात्र जाहिरातीत ‘फ्लुएंट इंग्लिश’ मागितलंत.

ही माणसं नोकरीच्या वेबसाइटवर बसून नसतात. सीएच्या ऑफिसात विचारा, टॅलीवर कोणाचा हात चांगला चालतो हे तिथल्या पोरांना माहीत असतं. कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागाला सांगताना आत्ता शिकणाऱ्यांबरोबर चार-पाच वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलींपर्यंतही निरोप पोचवायला सांगा. तुमच्या कारखान्यात कडा शिवणाऱ्या बायकांनाही विचारा, त्यांच्या मुली आता पदवीधर आहेत. बाहेरगावचा माणूस घेऊच नका, असं मी म्हणत नाही. फोटो साफ करणं, पार्श्वभूमी काढणं ही कामं कुठेही बसून होतात, तिथे नगावर दर ठरवा आणि मोकळे व्हा. ग्राहकाशी बोलणारा मात्र असा हवा की ज्याने तुमचा टॉवेल हातात धरलाय, धुतलाय, त्याने अंग पुसलंय.

आणखी एक बाजू आहे, ती मालकांच्या लक्षात येत नाही. घरून कामाच्या नावावर फसवणूक इतकी चालते की चांगली मुलगी तुमची जाहिरात बघून आधी घाबरते. ‘घरबसल्या काम, आधी नोंदणी फी भरा’ असले मेसेज तिला आठवड्याला येत असतात, आणि तिच्या ओळखीतलं कोणीतरी पैसे घालवून १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करून बसलेलं असतं. तुम्ही विश्वासू माणूस शोधताय, तीही विश्वासू मालक शोधतेय. म्हणून जाहिरातीत कारखान्याचा पत्ता आणि जीएसटी नंबर द्या. ‘कसलीही फी, डिपॉझिट नाही’ हे वरच लिहा. रोज साधारण किती मेसेज, किती नगांची माहिती चढवायची, कोणत्या वेळेत, पगार किती आणि कोणत्या तारखेला, हे सगळं लिहा. ‘घरच्यांना घेऊन कारखाना बघायला या’ ही ओळ फुकट आहे, पण तिने अर्ज दुप्पट येतील असं मला वाटतं.

अर्ज आले की ‘किती वर्षांचा अनुभव’ या रकान्यावर फार अडकू नका. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या दोघा अभ्यासकांनी १९९८ साली माणूस निवडण्यावरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. पुढे कोण चांगलं काम करेल, हे सांगण्यात कामाचा नमुना करून घेणं अगदी वरच्या रांगेत आलं आणि अनुभवाची वर्षं बरीच खाली राहिली. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासून खाली आणले. नमुन्याचा दिमाख जरा उतरला, सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत पहिली आली, पण अनुभवाची वर्षं तळाशीच राहिली. तुम्ही तिघांनाही फोनवर पंधरा मिनिटं गप्पा मारून ठेवलंत. गप्पांत सगळेच चांगले असतात.

तर नमुना घ्या, पण पैसे देऊन. तीन-चार उमेदवार निवडा आणि प्रत्येकाला पाच टॉवेल पार्सल करा. सोबत ग्राहकांचे खरेच आलेले दहा मेसेज, नावं-नंबर काढून. एका टॉवेलची माहिती लिहायला सांगा. परत आलेल्या मालाचा एक तक्ता द्या, त्यात मुद्दाम तीन चुका घालून. दोन-अडीच तासांचं काम, त्याचे ठरलेले पैसे त्याच संध्याकाळी. ज्याला घेणार नाही त्यालाही. नमुन्याच्या नावाखाली दहा जणांकडून फुकट काम उपटणारे महाभाग मी पाहिलेत, आणि गावात ते लपत नाही.

निकाल बघताना माझी नजर पहिल्यांदा कुठे जाईल सांगू? कोणी परत प्रश्न विचारला का, इकडे. ‘या टॉवेलचं जीएसएम (चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये वजन) किती?’, ‘रंग जातो असं तीन जण म्हणतायत, मी धुऊन बघितला, पहिल्या पाण्याला थोडा जातो, तसं लिहू का?’ असं विचारणारी व्यक्ती मिळाली तर तिचं इंग्रजी मोडकं असलं तरी तिला सोडू नका. दूर बसलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा धोका चोरी हा नव्हे. अडल्यावर गप्प बसणं, हा आहे.

निवड झाली की लगेच घरी पाठवायची घाई करू नका. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम यांनी चीनमधल्या एका मोठ्या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर २०१०-११ मध्ये प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्मं झालं. हा आकडा घरून कामाच्या बाजूने सगळीकडे फिरवला जातो. पण घरी पाठवलेले लोक नवखे नव्हते. त्या कंपनीत किमान सहा महिने काढलेले, घरी स्वतंत्र खोली आणि ब्रॉडबँड असलेले होते. कामही फोन मोजता येण्यासारखं होतं. आणि प्रयोग संपल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुन्हा ऑफिसला येणं पसंत केलं, घरी एकटं वाटत होतं म्हणून. तुमच्यापुरता अर्थ असा की पहिले तीन-चार आठवडे निम्मे दिवस कारखान्यात, निम्मे घरी. माग चालताना बघू दे, परत आलेली पार्सलं उघडू दे. पुढे महिन्यातून एक दिवस, नवे नमुने निघतील तेव्हा. बाहेरगावचा असेल तर नमुन्यांचं पार्सल आणि व्हिडिओ कॉल.

रोजची देखरेख हवीच. विश्वास म्हणजे न बघणं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. एक सामायिक शीट ठेवा: आलेले मेसेज, उत्तर किती वेळात गेलं, चढवलेले नग, राहिलेलं काम, अडलेलं काम. सकाळी दहा मिनिटांचा फोन. पहिल्या आठवड्यात सगळी उत्तरं वाचा, मग पन्नासातली पाच, कुठलीही. चूक म्हणजे काय आणि किती चुका चालतील, हे आधी दोघांनी बसून ठरवा, छाटीचं भांडण नको. वेळही ठरवायला हरकत नाही. सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी चार ते सहा, एवढ्यात उत्तर गेलंच पाहिजे. मधल्या तीन तासांत ती काय करते, ते तिचं.

लिखापढी एक पान पुरे, पण करा. त्यात एक कलम बहुतेक जण विसरतात. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला मजकूर, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मालकाचा. पण कामापुरत्या घेतलेल्या फ्रीलान्सरने लिहिलेला मजकूर सहसा त्याचाच राहतो, तुमच्या नावावर करायला लेखी आणि त्याच्या सहीचं लागतं. आणि त्या लेखी करारात मुदत घातली नाही तर पाच वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर भारतापुरता. तुम्हाला उद्या दुबईला माल पाठवायचाय, म्हणून सांगितलं. नोकर की कंत्राटी, टीडीएस, पीएफ हे तुमच्या सीएला विचारा, व्हॉट्सॲपवरच्या मित्राला नको.

साडूच्या मुलाबद्दल. टॉवेलचे फोटो काढायला, परतावे तपासायला, पार्सलं पाठवायला कारखान्यात एक माणूस लागेलच, ते काम घरून होत नाही. त्याला त्यासाठी घ्यायचं असेल तर हाच नमुना त्यालाही द्या, तेच पैसे देऊन. नमुन्यात नापास झाला तर साडूला सांगणं सोपं आहे. सहा महिन्यांनी काढावा लागला तर पुढच्या दोन दिवाळ्या जड जातील, आणि तुमच्या मिसेसना त्याहून जास्त.

शेवटी ते ओघात लिहिलेलं वाक्य. सुताचे भाव वाढले म्हणून मागावरच्या कामगाराचा आठवड्याचा पगार तुम्ही थांबवला असतात का? नसता थांबवला. तो संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला असता, बाकीचे मागही थांबले असते. ती मुलगी दारात येऊन उभी राहू शकत नव्हती, म्हणून तिचा थांबला. ती सॉफ्टवेअरमुळे गेली असं तुम्ही धरून चाललाय. मला तशी खात्री नाही.

तिचे अकरा दिवसांचे पैसे आज पाठवा. सोबत एक ओळ: उशीर झाला, चूक माझी. तिला परत बोलवावं असं तुमच्या मनात आहे, ते पत्रातून कळतं. पण त्या मेसेजमध्ये तो विषय काढू नका. आठ-पंधरा दिवस जाऊ द्या, मग जाहिरात तयार झाली की तिला पाठवा आणि विचारा, यात काय चुकलंय.